पोटातली गाठ आणि विसरलेला मार

पोटात गाठ आहे म्हटले की घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते. पुढचा शब्द कुणी उच्चारत नाही, पण तो प्रत्येकाच्या मनात असतो.

दोन वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक शेतकरी दवाखान्यात आले. डाव्या कुशीत जडपणा, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे. हाताला नारळाएवढी गाठ लागत होती. ताप नाही, फारसे दुखणे नाही. सोनोग्राफी झाली, मग शहरात सीटी स्कॅन. अहवालात शेवटची ओळ होती, 'सार्कोमाची शक्यता नाकारता येत नाही.' सार्कोमा हा चरबी, स्नायू यांत होणारा कर्करोग. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी निकाल दिला, "गाठीला सुरी लागली की पसरते. घरीच राहू द्या."

तिसऱ्या भेटीत सर्जनसाठी चिठ्ठी लिहिताना मी विचारले, "पूर्वी कधी पोटाला मार लागला होता का?" ते नाही म्हणाले. तेवढ्यात त्यांची पत्नी म्हणाली, "असं कसं? बैलानं ढुशी मारली होती की! आठ दिवस कुशीवर काळंनिळं होतं." त्याला चार वर्षे झाली होती. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. चूक माझी.

मार लागून आत साकळलेले रक्त बहुधा काही आठवड्यांत जिरते. क्वचित ते जिरत नाही. शरीर त्याभोवती जाड तंतुमय वेष्टण तयार करते. आतल्या रक्ताचे विघटन होऊन वेष्टणाला चीड येते, तिथे नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या झिरपतात आणि गाठ आणखी वाढते. महिना उलटूनही वाढतच राहणाऱ्या अशा गाठीला १९८० मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी 'क्रॉनिक एक्स्पांडिंग हिमॅटोमा' असे नाव दिले. ती ऑपरेशननंतरही होते, आणि कधीकधी कारण सापडतच नाही. मार आणि गाठ यांत कित्येक वर्षे जातात, म्हणून रोगी तो विसरलेला असतो.

जुने-नवे रक्त मिसळलेले, कडेला चुना साठलेला, वेष्टणात रक्तवाहिन्या. सीटीत हे चित्र कर्करोगासारखेच दिसू शकते. तेव्हा अहवाल लिहिणाऱ्याला दोष देता येणार नाही. एमआरआयमध्ये निरनिराळ्या वयाचे रक्त ओळखता येते, त्याची मदत होते. पण उलटही घडते. काही कर्करोगांच्या गाठीतही रक्तस्राव होतो. सुई घालून नुसते रक्त आले म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे. आणि सिरिंजने रक्त ओढून गाठ रिकामी केली, तरी वेष्टण आत राहिल्यास ती पुन्हा भरते, वर जंतुसंसर्गाची भीती. म्हणून शक्य असेल तिथे वेष्टणासकट पूर्ण गाठ काढून पॅथॉलॉजिस्टकडे तपासायला द्यावी, हेच बरे. पोट चोळून घेण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये.

या रोग्याचे ऑपरेशन टळले नाही, टळणारही नव्हते. पण "हे बैलाच्या मारातले जुने रक्तही असू शकेल, काढल्याशिवाय कळणार नाही" असे मी सांगितल्यावर घरचे तयार झाले. पॅथॉलॉजीचा अहवाल आला: जुने-नवे रक्त, जाड वेष्टण, कर्करोगाच्या पेशी नाहीत.

माझा राग आम्हा डॉक्टरांवरच आहे. यंत्रे आली तसे आमचे विचारणे आटले. रोग्याची हकिगत अर्धी होते न होते तोच आम्ही सोनोग्राफीची चिठ्ठी फाडतो. त्याच्यासोबत आलेल्या बाईला तर बाहेर बाकावर बसवतो.

माझ्या केसपेपरवर आता वरच एक ओळ छापून घेतली आहे: पूर्वीचा मार, पडणे, ऑपरेशन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. नवा कंपाउंडर परवा विचारत होता, सर्दीवाल्यालाही हे विचारायचे का? म्हटले, विचार.