अंडे आधी चुलीवर चढू द्या

मागच्या पावसाळ्यात आजाऱ्यांच्या भेटीला गेलो होतो. एका घरी आजीबाईंनी तापातून उठलेल्या नातवासाठी पेला आणला. कोमट दुधात नुकतेच फोडलेले कच्चे अंडे ढवळले होते. मी विचारले, "आजी, शिजवून का देत नाही?" त्या म्हणाल्या, "फादर, शिजवलं की त्याचा कस जातो बघा."

त्यांची माया खरी होती, समजूत मात्र चुकीची. ही समजूत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. तालमीतला पोरगा, बाळंतीण, खोकल्याने खंगलेला म्हातारा, म्हणजे ज्याच्या अंगात सोसण्याची ताकद कमी, नेमके त्यालाच आपण कच्चे अंडे पाजतो.

कस जातो म्हणावे, तर प्रकार उलटाच आहे. १९९८ साली बेल्जियममधील संशोधकांनी मोजून पाहिले. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिने अंगी लागली, कच्च्यातली सुमारे ५१ टक्केच. अर्धे अंडे वाया आणि वर आजाराची भीती!

ही भीती साल्मोनेला नावाच्या जंतूची. तो कोंबडीच्या आतड्यात राहतो. कोंबडी मात्र धडधाकट दिसते. विष्ठेतून तो कवचाला लागतो. कधी कधी तर कवच तयार होण्यापूर्वीच अंड्याच्या आत शिरलेला असतो, म्हणून वरून स्वच्छ अंडेही कच्चे खाऊ नये. पोटात गेल्यावर साधारण ६ ते ७२ तासांत ताप, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. मोठा माणूस चार-सहा दिवसांत उठतो. तान्हे मूल, गरोदर बाई आणि म्हातारे माणूस यांची गोष्ट वेगळी. त्यांना मीठ-साखरेचे पाणी देत लगेच डॉक्टरांकडे न्यावे. पांढरे आणि पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडे शिजले की हा जंतू मरतो. पाण्याला उकळी आल्यावर १० मिनिटे पुरेत. पोळी केली तर दोन्ही बाजूंनी भाजावी.

आता धुण्याचे. खुराड्यातून अंडी आणली की ती बादलीत बुडवून चकचकीत करून ठेवायची, अशी टापटिपीच्या बायकांना सवय असते. कवच दगडासारखे दिसले तरी त्याला हजारो बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर निसर्गाने पातळ लेप दिलेला असतो. धुतल्याने तो लेप जातो. कोमट अंडे गार पाण्यात पडले की आतला भाग आकसतो आणि बाहेरचे घाण पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणून माखलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसून गार, कोरड्या जागी ठेवावे व आधी संपवावे. धुवायचेच असेल तर फोडण्याच्या क्षणी धुवावे. तडकलेले अंडे घरात ठेवू नये. पाण्यात तरंगते का, ही परीक्षा अंडे किती जुने ते सांगते. जंतू आहे की नाही ते सांगत नाही. खुडूक कोंबडीखालून काढलेली अंडी तर स्वयंपाकघरात आणूच नयेत.

खरी चूक होते ती हाताची. अंडे फोडले, त्याच हाताने कांदा-कोथिंबीर चिरली आणि ती भाकरीबरोबर कच्चीच पानात वाढली. अंडे शिजले, जंतू कोथिंबिरीवरून पोटात गेला. मग दोष अंड्याला! फोडल्यावर हात साबणाने धुवावेत, पेला व विळीही. कवचाचा तुकडा पडला तर कवचाने न काढता चमच्याने काढावा.

डिसेंबर २०२१ पासून बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी व विजयपूर या ७ जिल्ह्यांतील शाळांत मुलांना अंडे किंवा केळे देणे सुरू झाले, कारण इथली मुले कुपोषित आणि रक्त कमी असलेली. तेव्हा त्यावर बराच वाद झाला. मी अंड्याच्या बाजूचा होतो व आहे. पुढे योजना राज्यभर गेली. शाळेत अंडे उकडून मिळते, तिथे प्रश्न नाही. पण एखादी पोर ते न खाता धाकट्या भावासाठी दप्तरात घालून आणते. तिला रागावू नये, पण उकडलेले अंडे आपल्या उन्हाळ्यात तासाभराहून अधिक बाहेर राहू नये. उकडल्यावर तो लेप उरत नाही, त्यामुळे ते कच्च्यापेक्षा लवकर बिघडते. तिला शाळेतच खायला सांगा आणि धाकट्यासाठी घरी एक उकडा. पुनरुत्थानाच्या सणाला रंगवून दिवसभर ताटात मांडलेल्या अंड्यांनाही हेच लागू. ती शोभेची म्हणून ठेवावीत, खायची वेगळी उकडावीत.

राहिली कवचे. ती उघड्यावर टाकली की माश्या आणि उंदीर येतात. कवचात बहुतेक चुनाच असतो. काळ्या रानात तो मुळातच भरपूर, तिथे कवच घालून तुरीला विशेष लाभ नाही. बिदरच्या पठारावरच्या लाल जांभ्या मातीत कुंडी-वाफ्याला थोडा उपयोग होईल. सर्वांत चांगले म्हणजे ती तव्यावर चांगली भाजून, अगदी बारीक कुटून अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या दाण्यात मिसळावीत. बारीकच कुटा, कारण मोठे तुकडे दिले की कोंबडीला चव लागते आणि ती आपलीच अंडी फोडून खाऊ लागते.