क्रोममधला एकच दोष दोनदा का दुरुस्त करावा लागला?

मार्चमध्ये लॅपटॉपवर क्रोमचं अपडेट आलं, तेव्हा मी सवयीने ते पुढे ढकललं. आता गूगलच्या प्रोजेक्ट झीरो टीमचं विश्लेषण वाचून कळलं, की तो आळस चांगलाच नडला असता.

२५ मार्च २०२२ चं ते अपडेट फक्त एका दोषासाठी होतं: सीव्हीई-२०२२-१०९६. हल्लेखोर तो आधीच वापरत होते. दोष होता व्ही८ मध्ये, म्हणजे क्रोम, एज, ब्रेव्ह अशा ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनात.

नेमकं काय बिघडलं होतं? लग्नातली आहेराची वही आठवा. लिहिणारे काका बघतात, वहीत 'पाटील' नाव नाही. काहीतरी विचारायला ते आत जातात. तेवढ्यात दुसरंच कुणी 'पाटील, ५०० रुपये' लिहून जातं. काका परत येतात आणि वही पुन्हा न बघता 'पाटील, स्टीलचा डबा' लिहितात. झाला घोळ!

व्ही८ मध्येही तसंच. काही खास ऑब्जेक्टवर प्रॉपर्टी लिहिताना इंजिनाला मधल्या 'इंटरसेप्टर'ला विचारावं लागतं. त्या वेळात वेबपेजचा कोड चालून त्याच नावाची प्रॉपर्टी तयार करू शकतो. इंजिन मात्र 'ती नाहीच' असं धरून पुढे जातं. मग एका प्रकारची माहिती दुसऱ्याच प्रकारची समजून वाचली जाते. याला टाइप कन्फ्युजन म्हणतात. इथून हल्लेखोर मेमरीत हात घालतो.

खरी गंमत पुढे आहे. हाच दोष जून २०२१ मध्ये सीव्हीई-२०२१-३०५५१ म्हणून दुरुस्त झाला होता! पण तेव्हा हल्ला ज्या वाटेने आला, तेवढीच वाट बंद केली गेली. मूळ चूक तशीच राहिली आणि हल्लेखोर दुसऱ्या वाटेने आले. प्रोजेक्ट झीरोच्या मते, २०२२ मध्ये १५ जूनपर्यंत प्रत्यक्ष वापरात सापडलेल्या १८ झीरो-डे दोषांपैकी निदान ९ आधी दुरुस्त झालेल्या दोषांचेच भाऊबंद होते.

मला वाटतं, 'पॅच आला' एवढ्यावर कंपन्यांची पाठ थोपटू नये. मुळावर घाव घातला का, हेही विचारायला हवं. आपल्या हातात आहे ते आपण करू. प्ले स्टोअरमध्ये 'क्रोम' आणि 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' दोन्ही शोधा, अपडेट दिसलं तर लगेच करा. कारण अनेक ॲप्स आतल्या आत वेबपेज उघडतात, ती याच वेबव्ह्यूवर.

मी तरी आता अपडेट पुढे ढकलत नाही.