खापर प्रोसेसरच्या झोपेवर

गेम मध्येच अडखळतो, चित्र क्षणभर गोठते आणि मग पुन्हा धावू लागते. या तक्रारीवर सध्या एकच उत्तर मोठ्या आवाजात दिले जाते: बायॉसमध्ये जा आणि प्रोसेसरची झोप मोडा. सी-स्टेट्स म्हणजे झोपेच्या अवस्था बंद करा, एका कोअरचे दोन भासवणारे हायपरथ्रेडिंग किंवा एसएमटी बंद करा, कमी विजेवर चालणारे छोटे ई-कोअर्स बंद करा, एचपीईटी हे वेळ मोजणारे घड्याळ बंद करा, वॅटची मर्यादा काढून टाका. यामागचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर सारख्या डुलक्या घेतो, गेमचे काम अंगावर आले की त्याला जाग यायला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजेच स्टटर. कंपनीने दिलेली सेटिंग्ज ऑफिसात टायपिंग करणाऱ्यांसाठी असतात, गेम खेळणाऱ्याने ती सगळी उलटी फिरवावीत. उपाय फुकटचा आहे, पाच मिनिटांचा आहे, त्यामुळे तो भराभर पसरतो. पण हे निदान चुकीचे आहे. ज्या खात्रीने ते सांगितले जाते त्या खात्रीची मला चीड येते, कारण त्या खात्रीपायी माणसे धडधाकट संगणक बिघडवून बसतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

आधी आकडे पाहू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर ६.९. डोळ्याला खुपणारा झटका बहुधा ५० मिलिसेकंदांचा, १०० चा किंवा त्याहूनही मोठा असतो. आता झोपेचा हिशेब. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीसाठी लिनक्सच्या कर्नेलमध्ये जो तक्ता आहे, त्यात सी६ अवस्थेतून जागे व्हायला ८५ मायक्रोसेकंद धरले आहेत आणि सर्वांत गाढ अशा सी१० मधून ८९०. म्हणजे सर्वांत गाढ झोपेतून उठायलाही एक मिलिसेकंद पुरा लागत नाही. १०० मिलिसेकंदांचा झटका सी६ मुळे आला असे म्हणायचे, तर प्रोसेसर ओळीने अकराशेहून अधिक वेळा झोपून उठला असे मानावे लागेल. शिवाय गेम ज्या कोअरवर जोरात चालू आहे, तो कोअर गाढ झोपेत जातच नाही. पुढचे काम किती वेळाने येईल याचा अंदाज बांधूनच ऑपरेटिंग सिस्टम झोपेची खोली ठरवते. उलट, काही कोअर निजलेले असले तरच उरलेल्यांना वरचा टर्बो वेग गाठता येतो. झोप मोडली की तो वरचा वेग हातचा जातो, आणि गेमचा मुख्य थ्रेड नेमका त्याच वेगावर अवलंबून असतो.

‘पण मी सेटिंग बदलले आणि स्टटर गेला,’ हा या पक्षाचा हुकमी पुरावा आहे. त्याच्याकडे सवडीने पाहायला हवे, कारण सगळी फसगत इथेच होते. २०१५ साली डायरेक्टएक्स १२ आले आणि ग्राफिक्सचे बरेचसे काम ड्रायव्हरकडून गेम बनवणाऱ्यांकडे गेले. ठिणगी, धूर, ओल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब, अशा प्रत्येक परिणामामागे शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम असतात, आणि ते ज्या त्या ग्राफिक्स कार्डासाठी ज्या त्या संगणकावर कंपाइल करावे लागतात. कन्सोलमध्ये यंत्र ठरलेले असते, म्हणून तिथे ते काम आधीच उरकून पाठवता येते. पीसीत कार्डे शेकडो आणि ड्रायव्हरच्या आवृत्त्या त्याहून जास्त. आधी तयारी करून न ठेवणाऱ्या गेममध्ये पहिला स्फोट होतो त्या क्षणी शेडर कंपाइल व्हायला बसतो आणि चित्र थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ पीसीवर याच कारणासाठी बदनाम झाला. मार्च २०२३ मधल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ने सुरुवातीलाच शेडर बांधत बसायचा मार्ग धरला, तर लोक त्या लांबलचक प्रतीक्षेला वैतागले. एकदा कंपाइल झालेला शेडर मात्र डिस्कवरच्या कॅशमध्ये जाऊन बसतो आणि पुढच्या वेळी तिथून लगेच मिळतो.

आता बायॉसच्या त्या सल्ल्याची परीक्षा कशी होते ते पाहा. माणूस खेळतो, एका गल्लीत गेम तीनदा अडखळतो. तो संगणक बंद करून बायॉसमध्ये जातो, सी-स्टेट्स बंद करतो, परत येऊन त्याच सेव्हवरून, त्याच गल्लीतून, त्याच शत्रूंशी लढतो. गेम गुळगुळीत चालतो. चालणारच, कारण त्या गल्लीचे सगळे शेडर पहिल्या फेरीतच कॅशमध्ये गेले होते. त्याने बायॉसमध्ये काहीच न बदलता नुसता रीस्टार्ट केला असता, तरी हेच झाले असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि श्रेय कावळ्याला मिळाले. दोन आठवड्यांनी ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर येतो, जुना कॅश निकामी होतो, झटके परततात. मग आणखी एक सेटिंग शोधले जाते, आणखी एकदा ‘फरक’ पडतो, आणि यादी लांबत जाते. खरी परीक्षा करायची तर दोन्ही सेटिंग्जना सारखीच सुरुवात द्यायला हवी. दर फेरीआधी शेडर कॅश पुसायचा, नाहीतर दर वेळी आधी एक फेरी मारून तो भरून घ्यायचा. मग जुन्या सेटिंगवर तीन आणि नव्या सेटिंगवर तीन फेऱ्या करायच्या, आणि डोळ्यावर न विसंबता प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्सने प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवायचा. हा खटाटोप केलेला पुरावा या पक्षाकडून मागून पाहावा. मिळतो तो फक्त ‘जाणवला’ हा शब्द. आणखी एक गोष्ट: शेडर कंपाइल करणे हे प्रोसेसरचेच काम आहे आणि ते अनेक थ्रेडवर वाटले जाते. एसएमटी आणि ई-कोअर्स बंद करणारा माणूस नेमके त्याच कामाचे हात तोडतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही गत इथे त्याहूनही वाईट आहे, कारण हे औषध रोग वाढवते.

हायपरथ्रेडिंगविरुद्धचा राग तसा जुना आहे. २००२ साली ३.०६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ मधून ते घरगुती संगणकात आले, तेव्हा विंडोज २००० ला खरा प्रोसेसर कोणता आणि आभासी कोणता हे ओळखता येत नव्हते. त्या काळी ते बंद करण्यात अर्थ होता. पुढे ऑपरेटिंग सिस्टम शहाण्या झाल्या, सल्ला मात्र होता तिथेच राहिला. एचपीईटीचेही तेच: विंडोज एरवी वेळ मोजायला प्रोसेसरमधला टीएससी काउंटर वापरते, त्यामुळे बायॉसमध्ये एचपीईटी बंद केल्याने गेमला काही फरक पडत नाही. ई-कोअर्सबद्दल एवढे मान्य की २०२१ च्या अल्डर लेकवर काही गेमच्या कॉपी-संरक्षणाचा गोंधळ उडाला होता. पण तो गोंधळ गेम बंद पडण्याचा होता आणि ठरावीक गेमपुरता होता.

‘मदरबोर्डमुळे स्टटर होतो हे खुद्द कंपनीनेच कबूल केले होते,’ असा एक वजनदार आक्षेप येईल. खरे आहे. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केले की काही रायझन संगणकांत एफटीपीएम हा सुरक्षेचा भाग मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीशी लांबलेले व्यवहार करतो आणि त्या वेळी संगणक क्षणभर अडकतो. पण तो दोष बरा कसा झाला? कारण हुडकले गेले, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून नव्या बायॉसमधून दुरुस्ती येऊ लागली. सी-स्टेट्स बंद करून बसलेल्याचा झटका तसाच राहिला असता. हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे.

‘करून पाहायला काय जाते?’ प्रोसेसर जातो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत अस्थिरता आली, तेव्हा कंपनीने दिलेल्या कारणांत मदरबोर्डची मर्यादेबाहेरची वीज-सेटिंग्ज हे एक होते. १४९००के साठी २५३ वॅटची मर्यादा ठरलेली असताना अनेक बोर्ड ती मुळातच उघडी ठेवत होते. २०२४ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोड बदलावे लागले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा प्रोसेसरला मिळणाऱ्या एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची वेसण घालावी लागली. आणि विदर्भातल्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, वॅटची मर्यादा काढलेला प्रोसेसर १०० अंशांवर जाऊन स्वतःच वेग कमी करतो. झटके घालवायला काढलेली मर्यादा नवे झटके आणते.

मग करायचे काय? आधी झटका कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. पहिल्यांदाच येतो आणि त्याच जागी पुन्हा येत नाही, तो शेडरचा. दर वेळी त्याच वळणावर येतो, तो बहुधा नवा परिसर लोड करणाऱ्या इंजिनाचा. या दोन्हींवर बायॉसमध्ये औषध नाही, ते गेम बनवणाऱ्यांकडून मागावे. सगळ्या गेममध्ये, कुठेही, केव्हाही येतो, तोच यंत्राचा समजावा. त्यासाठी बायॉस अद्ययावत करून मूळ सेटिंग्जवर आणावे आणि रॅमकडे पाहावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पैसे वाचवायला रॅमची एकच स्टिक घेतली असेल, तर दुसरी घालून ड्युअल चॅनेल करणे हा कुठल्याही सी-स्टेटपेक्षा मोठा बदल आहे. ६००० ची डीडीआर५ रॅम बायॉसमधले एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅमचे प्रोफाइल चालू न केल्यास बहुधा ४८०० वरच चालत राहते, ते चालू करावे. एवढ्यावरही झटके उरले तर लेटन्सीमॉन लावून कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते पाहावे, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुकांच्या डब्ल्यूएचईए नोंदी शोधाव्यात. तिथे नोंदी सापडल्या, तर आधी रॅमचा वेग एक पायरी खाली आणून पुन्हा मोजावे.