झाकली मूठ उघडू लागली : तालुक्यातला मधला माणूस खाली का येतोय?

२०२५ च्या अर्थसंकल्पात वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, असं जाहीर झालं आणि टीव्हीवर दिवसभर एकच गजर झाला, मध्यमवर्गाला दिलासा. औसा, निलंगा, चाकूर, अहमदपूरकडच्या किती घरांना हा दिलासा पोहोचला? महिन्याला लाख रुपये कमावणारा माणूस आपल्या गावात बोटावर मोजण्याइतका. आपल्याकडचा मध्यमवर्ग वेगळा आहे, आणि त्याची चर्चा टीव्हीवर होत नाही.

आपल्याकडचा मधला माणूस म्हणजे पाच-सहा एकरवाला शेतकरी, ज्याच्या घरात एक छोटी नोकरी किंवा दुकान आहे. संस्थेच्या शाळेतला शिक्षक, कृषी सेवा केंद्र चालवणारा, पिठाची गिरणीवाला, जीप चालवणारा. घराला प्लास्टर आहे, दारात मोटारसायकल आहे, पोरगं लातूरला ट्युशनला आहे. गावात याला कोणी गरीब म्हणत नाही. तोही स्वतःला म्हणवून घेत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गेल्या काही वर्षांत या मुठीत काय उरलंय, ते एकदा उघडून बघायची वेळ आली आहे.

पाच वर्षांत वाढले २३ रुपये

नाबार्डने देशभरातल्या ग्रामीण आणि लहान गावांतल्या कुटुंबांची दोनदा पाहणी केली. २०१६-१७ मध्ये कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न ८,०५९ रुपये होतं, खर्च ६,६४६ रुपये. हातात उरायचे १,४१३ रुपये. २०२१-२२ मध्ये उत्पन्न झालं १२,६९८ आणि खर्च ११,२६२. हातात उरले १,४३६.

म्हणजे पाच वर्षांत उत्पन्न साडेचार हजारांनी वाढलं, पण शिल्लक वाढली फक्त २३ रुपयांनी. मधल्या काळात खत, डिझेल, दवाखाना, फी सगळंच महागलं, त्यामुळे त्या १,४३६ रुपयांची किंमत जुन्या १,४१३ पेक्षा कमीच. याच पाहणीत कर्ज असलेली कुटुंबं ४७ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेली आणि सरासरी जमीन १.०८ हेक्टरवरून ०.७४ हेक्टरवर आली. हे देशाचे सरासरी आकडे आहेत, पण वाटण्या होऊन तुकडे झालेली शेतं आपल्या गावातही दिसतात.

देशाच्या पातळीवरही तेच चित्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी वगैरे धरून त्यातून कर्ज वजा केल्यावर उरणारी रक्कम, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली. कित्येक दशकांतला हा नीचांक होता. लोक बचत कमी करतायत आणि कर्ज जास्त काढतायत, असा याचा सरळ अर्थ.

सोयाबीन आपलंच, तेलाचा डबाही आपलाच

आपल्या भागात मधल्या माणसाचं वर्ष सोयाबीनवर चालतं. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनने दहा हजारांच्या घरातला भाव बघितला. तेव्हा कोणी घर बांधायला काढलं, कोणी ट्रॅक्टर घेतला, कोणी पोरीचं लग्न ठरवलं. हप्ते त्या भावाच्या हिशेबाने बांधले गेले. नंतर भाव पडला, हप्ता मात्र तेवढाच राहिला.

२०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये. बाजारात मात्र बराच काळ चार ते सव्वाचार हजारांच्या आसपासच सौदे झाले. हिशेबासाठी पाच एकर धरू, एकरी सात क्विंटल, म्हणजे ३५ क्विंटल. ४,२०० ने विकलं तर १ लाख ४७ हजार. हमीभावाने विकलं असतं तर १ लाख ७१ हजार. फरक २४ हजारांचा. एवढ्यात पोराचा लातूरच्या मेसचा कित्येक महिन्यांचा खर्च निघाला असता. आणि हे सगळं खत, बियाणं, फवारणी, काढणी, मळणी वजा करायच्या आधीचं.

भाव का पडतो? एक मोठं कारण खाद्यतेलाच्या आयातीत आहे. भारत खाद्यतेलाचा मोठा हिस्सा बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं, मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणलं. शुल्क कमी केलं की शहरातल्या ग्राहकाला तेल स्वस्त मिळावं हा हेतू असतो, पण इकडे सोयाबीनच्या भावावर दाब येतो. आपल्या मधल्या घरात गंमत अशी, की तेच घर सोयाबीन विकतं आणि तेच घर तेलाचा डबा विकत घेतं. डब्यामागे शंभर-दोनशे वाचतात आणि क्विंटलमागे सहाशे-सातशे जातात.

त्यात विकायची वेळ आपल्या हातात नसते. दिवाळी, रब्बीची पेरणी आणि उधारी एकदम दारात उभी राहते. साठवून ठेवायची ऐपत ज्याची आहे तो थांबतो. मधला माणूस पडत्या भावात माल अडतीवर टाकतो.

नोकरी आहे, पण ती पूर्वीची नोकरी नाही

आपल्या तालुक्यात मध्यमवर्ग तयार केला तो मास्तर, ग्रामसेवक, एसटीचा कंडक्टर, साखर कारखान्याचा कामगार यांच्या पगाराने. घरात एक पगार आला की दोन भावांची शेती सावरायची. आता १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये मोठा संपही झाला. नवीन शिक्षक लागला तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार झालं, त्याआधी ते याहून फार कमी होतं. अंशतः अनुदानित शाळांत तर वीस-चाळीस टक्के पगारावर उमेदीची वर्षं गेलेले मास्तर आहेत. डीएड, बीएडचा खर्च, वर्षानुवर्षं थांबणं आणि मग हे मानधन. पूर्वीचा एक पगार दोन घरं उचलायचा, आता एका पगारात एक घर धड चालत नाही.

ना इकडचा, ना तिकडचा

गरिबाला मिळतं त्याबद्दल तक्रार नाही, ते मिळालंच पाहिजे. प्रश्न असा की मधल्या माणसाला मोजायची पट्टीच जुनी आहे. अन्न सुरक्षा योजनेत ग्रामीण भागासाठी वर्षाला ४४ हजार उत्पन्नाची मर्यादा धरली. म्हणजे महिन्याला ३,६६७ रुपये. एक लाखाच्या वर उत्पन्न दाखवलं की पांढरं कार्ड, धान्य बंद. महिन्याला साडेआठ हजार कमावणारा माणूस कागदावर 'वरचा' झाला.

मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात देणं सुरू झालं, पुढे ते १७० केले. पाच माणसांच्या घराला ८५० रुपये. एवढ्या पैशात पाच माणसांचं महिनाभराचं गहू-तांदूळ बाजारातून येतं का, हे घरातल्या बाईला विचारा.

कर्जमाफीतही तसंच. २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ झालं. नियमित भरणाऱ्याला ५० हजारांपर्यंतचा प्रोत्साहन लाभ जाहीर झाला. वेळेवर भरण्यासाठी बायकोचं डोरलं गहाण टाकणारा माणूस शेवटी शहाणा ठरला की वेडा, हा प्रश्न अजून पारावर निघतो.

कर्ज दिसत नाही, गाडी दिसते

गरीब माणूस अडचणीत आला की ते दिसतं. मधला माणूस अडचणीत आला की दिसत नाही, कारण त्याला पत असते. पत आहे तोवर कर्ज मिळतं आणि कर्ज मिळतं तोवर घर पूर्वीसारखंच दिसतं. खाली येणं झाकलं जातं ते असं.

मार्चमध्ये पीककर्जाचं नवं-जुनं करायला दोन-चार दिवसांसाठी हातउसने घेतात. ते फेडायला सोनं ठेवतात. सोन्याने २०२५ मध्ये तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला, त्यामुळे त्याच दागिन्यावर जास्त पैसे मिळतात आणि मोह वाढतो. मग बचत गटाचं, मग फायनान्सचं, शेवटी शेकडा तीनने खासगी. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस टक्के. पाच एकराची कुठलीही शेती वर्षाला छत्तीस टक्के देत नाही. इथून पुढची पायरी एकच उरते, जमीन विकायची.

मूठ पूर्ण रिकामी व्हायच्या आत

भाव आणि आयात शुल्क आपल्या हातात नाही. त्यासाठी हमीभावाने खरेदी वेळेवर आणि पुरेशी व्हावी, उत्पन्नाच्या जुन्या मर्यादा वाढाव्यात, हा दबाव लोकप्रतिनिधींवर ठेवावाच लागेल. पण घरातल्या कर्जाचा हिशेब आपल्या हातात आहे.

• घरातली सगळी कर्जं एका कागदावर लिहा, नवरा-बायकोने दोघांनी बसून. रकमेच्या क्रमाने नाही, व्याजाच्या क्रमाने. सगळ्यात महाग कर्ज आधी फेडायचं. वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज राज्यात शून्य टक्क्याने पडतं, ते थकवून खासगीचं फेडण्यात शहाणपण नाही.

• गाडी घेताना 'फ्लॅट १२ टक्के' ऐकून भुलू नका. एक लाख, तीन वर्षं, फ्लॅट १२ टक्के म्हणजे ३६ हजार व्याज. हप्त्याने मुद्दल कमी होत जातं, पण व्याज पूर्ण लाखावर लागतं, म्हणून खरा दर २१ टक्क्यांच्या आसपास पडतो. कर्ज देणाऱ्याने खरा वार्षिक दर लिहिलेलं मुख्य तथ्य पत्रक तुम्हाला कळेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे. ते मागून घ्या.

• पांढरं कार्ड असलं तरी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या आजारांसाठी. ॲडमिट होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. दवाखान्याच्या एका बिलात एकर गेलेली घरं गावोगाव आहेत.

• बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्था आणि मल्टीस्टेटच्या ठेवीला तो नसतो. मराठवाड्यात अशा संस्था अडचणीत आल्या तेव्हा जास्त व्याजासाठी आयुष्याची पुंजी ठेवलेले निवृत्त मास्तर आणि शेतकरीच सगळ्यात जास्त अडकले.

• अवैध सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते.

मधला माणूस टिकला तर गावातलं दुकान टिकतं, मजुराला काम मिळतं, शाळेला पोरं मिळतात. तो खाली आला की त्याच्यामागे मजूरही पुण्या-मुंबईची गाडी धरतो. म्हणून हा प्रश्न एका घराच्या इभ्रतीचा नाही. कोणी विचारत नाही म्हणून गप्प बसलेल्या या माणसाने यंदा सुगीच्या आधी, ग्रामसभेत असो की घरात, आकडे मोठ्याने बोलून दाखवायला सुरुवात केली पाहिजे.