जमाखर्च मोठ्याने वाचायला सांगा

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांमध्ये दरवर्षी तेच घडतं. सचिव म्हणतात, “ताळेबंद सगळ्यांना पाठवलाय, वाचला असं धरू या?” समोरून “मंजूर, मंजूर” असा गलका होतो आणि मंडळी चहाकडे वळतात. सभासदहो, यंदा असं होऊ देऊ नका.

ज्या ‘ऑडिट’वर आपण भरवसा टाकतो, त्याचं मूळ लॅटिन ‘ऑदिरे’मध्ये आहे आणि त्याचा अर्थ आहे ऐकणं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदाराचा कारभारी वर्षाचा हिशेब तोंडी द्यायचा आणि तपासनीस तो ऐकायचे. धान्य किती पिकलं, किती विकलं, बियाण्याला किती ठेवलं, जनावरं किती दगावली? कारभारी अडखळला की तिथेच प्रश्न. वाचता येणारे कमी होते, म्हणून ही रीत पडली. पण तिच्यात एक धाक होता: कागदावर खपून जाणारी रक्कम चारचौघांत उच्चारणं जड जातं.

आपल्याकडे हे राजस्थानातल्या खेडुतांनी दाखवून दिलं. १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया भरवल्या. सरकारी कामांची बिलं आणि हजेरीपट गावासमोर वाचले गेले, तेव्हा कामावर कधी न गेलेल्यांची नावंही मजुरीच्या यादीत निघाली. माहिती अधिकाराची चळवळ तिथूनच उभी राहिली.

तेव्हा सभेची नोटीस आली की हिशेबाची प्रत मागून घ्या. गेल्या वर्षीपेक्षा फुगलेल्या दोन-तीन रकमांवर खूण करा. टँकर, लिफ्टची दुरुस्ती, वकिलाची फी, जे असेल ते. सभेत खजिनदारांना त्या बाबी मोठ्याने वाचायला सांगा. समाधान झालं नाही तर व्हाउचर बघायला मागा. सहकार कायद्यानुसार आपल्या व्यवहाराची कागदपत्रं पाहण्याचा हक्क सभासदाला आहे. लेखापरीक्षकांचे शेरे आणि समितीचा दोषदुरुस्ती अहवालही वाचायला लावा.

विचारताना आवाज चढवू नका. समितीतली माणसं बहुधा विनामोबदला राबतात, आणि प्रामाणिक खजिनदाराला तर चार जणांनी हिशेब ऐकलेला हवाच असतो.

आणि पुढच्या वर्षीचा लेखापरीक्षक याच सभेत ठरतो. तो विषय होईपर्यंत जागा सोडू नका.