ओसरीवरचा पाहुणा

देवदिवाळीला म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघे, तेव्हा आमच्या मामांच्या वाड्यात पाय ठेवायला जागा नसे. ओसरीवर कोण कुठला येऊन निजला आहे, याची चौकशी करण्याची पद्धत नव्हती. सकाळी त्याच्यापुढे चहाची कपबशी ठेवली की झाले! आता त्याच ओसरीवर निजण्याचे पैसे पडणार, अशी चिन्हे आहेत.

यंदा गणपतीत आजोळी गेलो, तो मामेभावाने एक कागद पुढे केला. शहरातल्या काही मंडळींना वाडा 30 वर्षांच्या कराराने हवा आहे. माळवदाची माती नव्याने घालणार, किडक्या तुळया बदलणार, माजघरात थंड हवेचे यंत्र बसवणार आणि धान्याच्या बळदाशेजारी टाइल्सचे न्हाणीघर बांधणार! आईच्या वाट्यामुळे माझीही सही हवी. अट एकच : वाडा रिकामा करून द्यायचा. म्हणजे 80 वर्षांच्या मामींनी पुण्याला तिसऱ्या मजल्यावर जाऊन राहायचे.

आम्ही पडलो मास्तर. नाक मुरडणे आम्हाला सोपे. पण नाक मुरडल्याने माळवद गळायचे थांबत नाही. माणदेशात पाऊस तो केवढा! पण तेवढ्यानेही यंदा मागची भिंत बसली. शिवाय कल्पना काही वेडगळ नव्हे. सासवडजवळचा जाधवगड पिलाजी जाधवरावांनी 1710 साली बांधला. तिथे 2007 पासून हॉटेल चालते.

मामेभावाने मोबाइलवर इटलीतील मातेरा गावची चित्रे दाखवली. खडकात कोरलेली घरे, आत मंद दिवे आणि पांढऱ्याशुभ्र चादरी. चित्रे खरोखरच देखणी होती. पण या घरांत एके काळी माणसे आणि जनावरे एकाच छताखाली राहत. दारिद्र्य आणि रोगराई एवढी, की 1952 साली कायदा करून सुमारे 15,000 माणसांना तिथून हलवायचे ठरले. पुढे 1993 साली त्याच घरांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले, आणि आता त्यांतल्या काहींत महागडी हॉटेले आहेत. घरे वाचली, हे चांगलेच झाले. पण पाहुणा आला, तेव्हा यजमान कधीच निघून गेला होता.

त्याच देशात दुसरीही तऱ्हा आहे. 1976 साली फ्रिउली भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतर पडकी गावे सावरताना एक कल्पना निघाली, की सगळे गाव हेच हॉटेल समजावे! कचेरी एका घरात, खोल्या शेजारच्या चार घरांत, आणि मधल्या गल्लीत गावकऱ्यांचा रोजचा संसार चालूच. आपल्याकडे सावंतवाडीच्या राजवाड्यातही पाहुणे उतरतात. पण राजघराणे तिथेच राहते आणि गंजिफाचे पत्तेही तिथेच रंगवले जातात. मग म्हसवडला हे का जमू नये? याच गावात 1997 साली बायकांनी स्वतःची माणदेशी बँक काढली. त्यांना चार खोल्यांचा हिशेब जड का जावा?

“मामी, तुम्हाला काय वाटते?” मी विचारले.

मामी सुपात बाजरी घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “येऊ देत की पाहुणे. वाड्याला माणसांची सवयच आहे. पण मी पुण्याला गेल्यावर त्यांना ‘या, बसा’ कोण म्हणणार रे?”

मामेभाऊ माझ्याकडे पाहू लागला, मी कागदाकडे. मग खिशातले पेन काढून ‘वाडा रिकामा’ हे शब्द खोडले आणि समासात लिहिले : ओसरी, देवघर आणि चौकातली तुळस मामींकडे राहील. त्याखाली सही केली. मामेभावानेही केली, थोडी उशिरा, पण केली.

मंडळींचे उत्तर अजून आलेले नाही. तोवर वर्गणी काढून मागच्या भिंतीला टेका दिला आहे. यंदा देवदिवाळीला मात्र ओसरी नेहमीसारखी मोकळी ठेवायची, आणि कोण कुठला, हे विचारायचे नाही, असे मामींनी बजावले आहे.