ऋण मित्राचे

बाबासाहेबांच्या शिक्षणाला मदत करणारे सयाजीराव महाराज व शाहू महाराज आपल्या मुलांनाही ठाऊक असतात. पण नवल भथेना हे नाव किती घरांत माहीत आहे?

१९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात या पारशी विद्यार्थ्याशी बाबासाहेबांची मैत्री जुळली. ती आयुष्यभर टिकली. १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला निघताना भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये उसने दिले. १९२३ साली वकिलीची सनद घेण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हाही हाच मित्र धावून आला. पुढे हजारोंची बाजू मांडणाऱ्या त्या वकिलीमागे एका मित्राचा विश्वास उभा होता.

हे आठवण्यास कारण घडले. मलकापुरात माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षे बसलेला मित्र परवा निवृत्त झाला. कचेरी सुटली की आम्ही दोघे वस्तीतल्या मुलांना शिकवायला जायचो. गणित त्याचे, मराठी माझे. माझ्या मुलीच्या शिक्षणासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले, तेव्हा जामीन म्हणून सही त्यानेच केली. घरी विचारूनही आला नाही.

निरोप समारंभात मी सगळ्यांचे आभार मानले. त्याचे मात्र राहून गेले. आपलाच माणूस म्हणून आपण गृहीत धरतो, ते असे.

आज संध्याकाळी मुलीला घेऊन त्याच्या घरी जाणार आहे. आपणही आपल्या मित्राकडे जाऊन या. आभार माणूस असतानाच मानावेत. शोकसभेची वाट पाहू नये.